चहातले मुरमुरे

आज नाशिकच्या रविवार कारंजा चौकातून येताना पावसाने गाठलं. छत्री अर्थातच घरी. चिंब होऊन दारात आलो तर गॅसवर आईचा आल्याचा चहा उकळत होता, आणि मला एकदम चहात मुरमुरे खावेसे वाटले.

हो, चहात! आमच्याकडे पणजीपासून चालत आलंय. (नाकं मुरडणाऱ्यांनी भेळभत्त्याकडे वळावं.) चहा जरा गोड हवा आणि कपात नाही, वाटीत. मुरमुरे मूठभरच टाकायचे. चुर्रर्र आवाज येतो, वरचे तरंगत राहतात, खालचे मऊ होतात. तीन-चार चमच्यांत संपवायचे, नाहीतर लगदा. मुरमुरे करताना उकड्या तांदळाला मिठाचं पाणी लावून तापलेल्या वाळूत फुलवतात ना, तेच मीठ त्या गोड चहात मधेच जिभेला लागतं. सगळी मजा त्यातच.

लेक वाटीत डोकावली. "बाबा, हे चुकून पडलं का?"

"चाखून तर बघ गं," आई म्हणाली.

एक चमचा घेतला. "ईऽऽ!" मग दुसरा घेतला. आता मुरमुऱ्यांचा डबा तिच्या मांडीवर आहे आणि माझी वाटीही.