दार लावून घेतलेली मुलगी

आगीची वर्दी आली तेव्हा अजून उजाडलं नव्हतं. रहिवासी इमारत, तिसरा मजला, आत शाळकरी मुलगी आणि तिची आजी. आईवडील दोघंही रात्रपाळीला गेलेले. शेजाऱ्यांनी दोन-तीनदा वर जायचा प्रयत्न केला होता, पण जिन्यातल्या धुराने त्यांना मागे फिरवलं होतं.

बीए सेट, म्हणजे धुरात श्वास घेण्यासाठीचं हवेचं उपकरण, चढवून आम्ही दोघं होज घेऊन वर गेलो. बाहेरची खोली पेटलेली, छताखाली काळा धूर साचून हळूहळू खाली उतरत होता. अशा बंद खोलीत वरचं तापमान पाचशे-सहाशे अंश सेल्सिअसवर गेलं की सोफा, पडदे, कपाट सगळं जवळपास एकदमच पेट घेतं. मग आतल्या माणसाला संधी उरत नाही, आम्हालाही नाही. म्हणून वरच्या धुरावर थोडं थोडं पाणी मारत, गुडघ्यांवर सरकत पुढे गेलो. आतल्या खोलीचं दार बंद होतं. बाहेरून ते कोळपलेलं, रंगाचे पापुद्रे सुटलेले. ढकललं तर खालून काहीतरी अडत होतं. दाराच्या फटीत आतून चादर घट्ट कोंबलेली होती.

आत धूर होता, पण श्वास घेता येईल इतपतच. आजी जमिनीवर खिडकीला टेकून बसलेल्या. मुलगी खिडकीत उभी राहून मोबाइलचा टॉर्च हलवत होती. दोघींनाही भाजलं नव्हतं. तोवर सहकाऱ्यांनी बाहेरून शिडी लावली होती. आधी आजींना उतरवलं, मग तिला.

खाली आल्यावर आमच्या स्टेशन ऑफिसरांनी तिला विचारलं, "हे दार लावायचं कुणी सांगितलं बाळा?"

"शाळेत एक फायरवाले काका आले होते. ते म्हणाले, बाहेर पडायला वाट असेल तर थांबायचं नाही. वाट नसेल तर दार लावायचं, फट बुजवायची आणि खिडकीत दिसत राहायचं."

आम्ही कुणी काही बोललो नाही. ते काका म्हणजे आमच्याच अग्निशमन केंद्रातले तांडेल दादा, आणि त्यांना जाऊन फार दिवस झाले नव्हते.

दादा साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी शाळांत, वस्त्यांत, सोसायट्यांत प्रात्यक्षिकं दाखवत. ते त्यांना कुणी लावून दिलेलं काम नव्हतं. पेटलेल्या तेलाच्या कढईत लांब दांड्याने वाटीभर पाणी ओतून दाखवायचे, भडका उठला की मुलं मागे सरायची. मग सांगायचे, पाण्याची वाफ झाली की ते सुमारे 1,700 पट जागा मागतं आणि पेटतं तेल सोबत घेऊन उडतं. गॅस बंद करा, कढईवर झाकण ठेवा, आणि लगेच उघडून बघू नका. धुराबद्दल बोलताना त्यांचा आवाज बदलायचा. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतो. आगीच्या ज्वाळा पोहोचण्याआधी झोपलेली माणसं धुरानेच जातात, हे त्यांनी इतक्या घरांत पाहिलं होतं की रात्री झोपताना खोल्यांची दारं लावा, हे ते प्रत्येक ठिकाणी दोनदा सांगत.

घरची माणसंही या कामात होती. वहिनी सामान बांधून द्यायच्या, मुलगी 'अडकलेली मुलगी' व्हायची. आणि त्याच घराच्या काळजीपोटी ड्यूटीचा डगला त्यांनी कधी उंबरठ्याच्या आत नेला नाही. केंद्रावरच अंघोळ करून निघायचे, मुलांना जवळ घ्यायचं ते त्यानंतरच. आम्हा नव्या पोरांना हे अती वाटायचं. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने अग्निशमनाचं कामच कर्करोगकारक ठरवलं. त्यासाठी ज्या आजारांबाबत पुरेसा पुरावा मिळाला, त्यांत मूत्राशयाचा कर्करोग आहे. दादा त्याच आजाराने गेले. त्यांच्या बाबतीत कारण हेच होतं असं कुणी ठामपणे सांगू शकत नाही, पण केंद्रावर परतल्यावर डगला धुतल्याशिवाय आता आमच्यातलं कुणी घरी जात नाही.

त्या वर्दीच्या अहवालात 'सुटका: दोन' असं आमच्या तुकडीच्या नावावर लागलं. मला ते अपुरं वाटतं. आम्ही पोहोचेपर्यंत त्या दोघींना जिवंत ठेवलं ते एका बंद दाराने, आणि ते दार लावायला शिकवणाऱ्यासाठी आमच्या नोंदवहीत रकाना नाही. स्टेशन ऑफिसरांनी शेऱ्यात दोन ओळी लिहिल्या, एवढंच.

ड्यूटी संपल्यावर मी दादांच्या घरी गेलो. वहिनींनी आधी विचारलं, "आजी बऱ्या आहेत ना?" मग बराच वेळ त्या डोळे पुसत राहिल्या. त्यांची मुलगी मात्र खोदून खोदून विचारत होती. चादर ओली होती की कोरडी?

कोरडी, मी म्हणालो. त्या खोलीत पाणी नव्हतं.

"बाबा ओलं कापड सांगायचे," ती म्हणाली. "पण पाणी आणायला एखादं मूल दार उघडून बाहेर गेलं तर? पाणी नसेल तर कोरडंच कोंबा, हेही सांगायला हवं."

पुढच्या रविवारी एका शाळेत तिने ते सांगितलं. कढईचं प्रात्यक्षिक मी केलं.