हजेरीत पावसाची खबर

२०२०च्या जूनमध्ये माझा आठवीचा वर्ग मोबाइलवर भरू लागला. संगमेश्वर तालुक्यातली मुलं. रेंजसाठी कुणी कातळावर छत्री धरून बसायचं, कुणी गोठ्याच्या पडवीत. पडद्यावर नुसती नावं. मी समीकरणं सोडवत जायचे, पलीकडे शांतता. ‘कळलं का रे?’ म्हटलं की एखादंच ‘हो बाई’ यायचं.

मग हजेरी बदलली. ‘हजर’ म्हणायचं नाही, दारातून काय दिसतंय ते सांगायचं. ‘बाई, लावणी चाललीय.’ ‘पऱ्याला पाणी आलंय.’ पऱ्या म्हणजे ओढा. पहिली १० मिनिटं त्यात जायची. जाऊ देत, पोर्शन नंतर पुरा करता येतो.

एक मुलगा मात्र बोलायचाच नाही. कॅमेरा बंद ठेवतो म्हणून मी त्याला सगळ्यांदेखत बोलले होते, ते आजही सलतं. फोन वडिलांचा, आणि ते साडेनऊला कामावर निघायचे, हे मला उशिरा कळलं. मी रोज संध्याकाळी ७ वाजता त्याला साधा फोन लावू लागले. चौथ्या दिवशी तो आपणहून म्हणाला, ‘बाई, आमची गाय व्यायली.’ वासराच्या कपाळावर पांढरा ठिपका होता म्हणे. त्या दिवशी गणित घेतलंच नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानंच विचारलं, ‘बाई, कालचं उदाहरण राहिलं ना?’