पोट न सुटणारी बॅग : आमची वाटचाल

जंबो बॅग, म्हणजे टनाच्या मापाने माल भरायची पॉलीप्रॉपिलीनच्या कापडाची मोठी बॅग, भरली की गोल होते, त्यात शिवणाऱ्याचा दोष नसतो. कापडाचा घेर ठरलेला असतो आणि माल आतून चारी बाजूंना रेटत असतो. १०० बाय १०० सेंमीच्या साध्या बॅगेचा घेर ४०० सेंमी, म्हणजे भरल्यावर व्यास जवळजवळ १२७. कंटेनर आतून साधारण २३५ सेंमी रुंद. दोन बॅगा शेजारी-शेजारी बसतच नाहीत. कापड कितीही जाड घ्या, २२० जीएसएमचं (चौरस मीटरला २२० ग्रॅम) घ्या, हा हिशोब बदलत नाही. बदलतो तो बॅफलने, म्हणजे बॅगेच्या आत प्रत्येक कोपऱ्यात तिरक्या शिवलेल्या कापडी पडद्याने. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आम्ही बॅफल बॅग शिवायला घेतली ती याच हिशोबावर, आणि अडचणीत आलो तेही हा हिशोब समोरच्याने ऐकून घेतला नाही म्हणून.

सोलापुरात शिलाईला माणसं शोधावी लागत नाहीत. आमचे कटिंग मास्तर युनिफॉर्मच्या कारखान्यातून आलेले. त्यांनी पहिल्या आठवड्यातच खडूच्या खुणा बंद करून पत्र्याचा साचा करून घेतला, तो आजही भिंतीला टांगलेला आहे. साच्याचं कारण साधं आहे: बॅफलची रेघ वर आणि खाली दोन सेंमीने जरी चुकली, तरी भरलेली बॅग पीळ खाते आणि पॅलेटवर कलते.

आमची नेहमीची बॅग ११० बाय ११०, चार पॅनेलची. बॅफलची शिवण प्रत्येक कोपऱ्यापासून ३५ सेंमीवर येते, म्हणजे पॅनेलच्या मध्ये ४० सेंमी मोकळं राहतं. बॅगेला पोट सुटतं ते एवढ्याच भागाला. कोपऱ्यात तिरका बसणारा बॅफल साडेएकोणपन्नास सेंमीचा, दोन्ही कडांना दुमडीसाठी चार-चार सेंमी धरून कापायचा साडेसत्तावन्न. लांब कापला तर तो ढिला राहतो आणि असून नसल्यासारखा. आखूड कापला तर सगळा ताण त्याच शिवणीवर येतो आणि सुईच्या छिद्रांच्या रेघेवर कापड उसवतं. वर आणि खाली दहा-दहा सेंमी सोडायचे. माल कोपऱ्यात जावा म्हणून बॅफलला भोकं लागतात, ती गरम कटरनेच पाडायची, कात्रीने पाडली तर कडेच्या पट्ट्या सुटतात आणि त्या मालात जातात. भोक १० ते १२ सेंमीचं, सगळ्यात खालचं भोक तळाच्या जवळ. नाहीतर माल मधोमध चढत जातो, कोपरे रिकामे राहतात आणि बॅफल एका बाजूने फुगून फाटतो.

बॅफल सपाट पॅनेलवर आधी शिवायचा, पॅनेल एकमेकांना नंतर जोडायची. आणि चेनस्टिचचं (साखळी टाक्याचं) टोक कधीही शिवणीला घासून कापू नका. चार-पाच सेंमी शेपूट सोडा, शक्य असेल तिथे टाका उलटा मारा. टोक मोकळं सुटलं तर ओढलेल्या दोऱ्यासारखी सगळी शिवण उकलते.

आता त्या ऑर्डरबद्दल. पार्टीचं नाव घेत नाही. मक्याच्या स्टार्चच्या बॅगा, सॅम्पल पास झालेलं, माल पोचल्यावर फोन आला: बॅगांना पोट सुटलंय, सगळा लॉट रिजेक्ट. मधोमध टेप लावून त्यांनी १२१ सेंमी मोजलं होतं. आम्ही त्याच लॉटमधली बॅग, त्यांचाच स्टार्च, आमच्या शेडमध्ये भरून मोजली, ११४ आली. फरक भरण्यात होता. त्यांच्याकडे बॅग हलवून माल खाली बसवणारा व्हायब्रेटर बंद होता. स्क्रू कन्व्हेयरने एका दमात तोंडापर्यंत भरायचे. स्टार्चमध्ये हवा असते. बॅग आधी ब्लोअरने फुगवून तळाच्या घड्या काढायच्या, एक तृतीयांश भरली की हलवायची, मग पुढचं. तसं न केल्यास माल आधी मधल्या भागात साचून पॅनेल बाहेर ढकलतो, आणि माल ड्रायरमधून गरम येत असेल तर पॉलीप्रॉपिलीन ताणाखाली हळूहळू वाढतं ते वेगळं. आम्ही बोलावलं, पाहायला कोणी आलं नाही. पैसे अडकले. त्याच सुमाराला, १ जानेवारी २०२० पासून, बॅगांवरचा जीएसटी १२ वरून १८ टक्के झाला. भांडवल आणखी गुंतलं, आणि मार्चमध्ये टाळेबंदी.

त्या पार्टीकडे नंतर बॅग पुरवली ती शहरातल्याच एका शेजारी कारखान्याने, आमच्यापेक्षा स्वस्त. त्यांची बॅग आम्ही उसवून पाहिली आहे. शिवण कोपऱ्यापासून २५ सेंमीवर, बॅफल ३५ चा, मध्ये मोकळं ६०. बॅफलची उंची १३० आणि कापड १४० जीएसएम धरलं तर बॅगेमागे शंभरेक ग्रॅम कापड वाचतं. स्वस्ताई तिथून येते. आणि पोट? ते त्यांच्या बॅगेला जास्त सुटतं. त्याबद्दल कोणी तक्रार केल्याचं मात्र आमच्या कानावर नाही.

आम्ही तगलो ते स्टार्चच्याच दुसऱ्या एका मालकांमुळे. त्यांनी आगाऊ रक्कम दिली, अट एकच घातली: लायनर, म्हणजे बॅगेच्या आतली प्लॅस्टिकची पिशवी, नीट हवा. साधा नळीसारखा लायनर बॅफल बॅगेत चालतच नाही. तो चार बॅफलच्या आतच अडकतो, कोपऱ्यात जात नाही, आणि बॅफलचे पैसे वाया. बॅगेच्याच आकाराचा लायनर लागतो, बॅफल त्यातच असलेला. ते बसवायला मास्तरांनी बरीच डोकेफोड केली, जमलं. ते मालक आजही आमच्याकडूनच घेतात. पुढची वर्षं बरी गेली.

दोन गोष्टी कोणी विचारत नाही, तरी सांगतो. रिकाम्या बॅगा मे महिन्यात पत्र्याच्या शेडबाहेर ठेवू नका, कापडात उन्हापासून वाचवणारा यूव्ही स्टॅबिलायझर असला तरी. आणि ५:१ सुरक्षा गुणांकाची (ठरलेल्या वजनाच्या पाचपट भार सोसणारी) बॅग एकदाच भरायची असते, दुसऱ्यांदा भरायची असेल तर ६:१ ची मागा. उचलायचा बेल्ट चांगला दिसतो म्हणून वापरलेली बॅग पुन्हा भरून उचलायला जाल, तर आधी शिवण जाईल.

चौकशी करताना मालाची घनता, भरतानाचं तापमान, भरण्याच्या नळीचा व्यास आणि पॅलेटचं माप कळवा. नुसतं ‘एक टनाची बॅग’ म्हणालात तर आम्ही भाव देत नाही.