ताम्रवंशी ड्रॅगनबॉर्न: तोंड लख्ख, पाठ काळपट

डंजन्स अँड ड्रॅगन्स या पात्रं घेऊन टेबलावर खेळायच्या खेळात पूर्वज ड्रॅगनचा रंग ठरला की ड्रॅगनबॉर्नचा, म्हणजे ड्रॅगनवंशी पात्राचा, फूत्कारही (तोंडातून सुटणारा मारा) ठरतो. रुपेरी असेल तर गारठा, काशाचा असेल तर वीज, तांब्याचा असेल तर आम्ल. त्यामुळे या मिनींवरचा, म्हणजे पात्रांच्या छोट्या पुतळ्यांवरचा, रंग नुसती सजावट नसते. समोरच्याला मिनी बघून अंदाज यायला हवा की तोंडातून काय येणार. आमच्या गटात ताम्रवंशी बहीणभाऊ आहेत, थोरली फायटर (योद्धा) आणि धाकटा सॉर्सरर (मांत्रिक). दोघांना एकाच बाटलीतला कॉपर फासला असता तर टेबलावर कोण कुठलं ते कळलंच नसतं.

नमुना बघायला पुण्यात कसब्यातल्या तांबट आळीत गेलो. माठारकाम केलेल्या बंबावर प्रत्येक ठोक्याचा खळगा उजेड वेगळा धरतो. खवल्यांना हेच हवं होतं. बाकी धडा घरच्या देवाच्या भांड्यांनी दिला. चिंच लावली की आम्लाने वरचा काळपट ऑक्साइड सुटतो आणि खालून गुलाबीसर तांबं निघतं. मग जो जन्मभर आम्ल फुंकतो त्याचं तोंड काळवंडलेलं कसं राहील? म्हणून ओठ, नाकपुड्या, हनुवटी लख्ख; मानेपासून तपकिरी; पाठीवर काळं आणि सांदीत हिरवा गंज. नियमांत असं काही नाही, पण मला भयंकर पटलंय.

पावसाळी हवेत स्प्रे प्रायमर (रंगाखालचा पहिला थर) दाणेदार बसतो, म्हणून काळा प्रायमर ब्रशनेच दिला. त्यावर गडद तपकिरी, मग कॉपरचा अगदी कोरडा ड्रायब्रश, म्हणजे रंग पुसून टाकलेला ब्रश उंचवट्यांवरून हलकेच फिरवायचा. तोंडाशी कॉपरमध्ये चांदी आणि चिमूटभर गुलाबी. गंजासाठी निळसर हिरवा पाण्यासारखा पातळ करून खाचांत सोडायचा आणि उंचवटे लगेच बोटाने पुसायचे. मेटॅलिक वापरल्यावर ब्रशचं पाणी बदला, नाहीतर चमकीचे कण पुढच्या प्रत्येक रंगात शिरतात. आणि मॅट वार्निश फक्त कपड्यांवर. धातूवर दिलं की सगळी झळाळी मेली. तिथे सॅटिन (अर्धवट चमकीचं).

फायटर खेळणारी ताई म्हणाली, "माझी ढालीची बाजू घासलेली दाखव, मी काही कपाटात बसून नसते." बरोबरच आहे. चिलखताचे पट्टे घासतात तिथे, खांद्यावर आणि कोपरावर, तांबं उघडं केलं. सॉर्सररच्या अंगावर गंज भरपूर ठेवला, फक्त बोटांची टोकं चकचकीत. आता हातभर अंतरावरूनही योद्धा आणि मांत्रिक वेगळे दिसतात.

खेळात मात्र फूत्काराची मजा फायटरलाच जास्त. २०१४ च्या नियमांत त्यासाठी अख्खी अ‍ॅक्शन (त्या पाळीतली मुख्य कृती) खर्ची पडायची. २०२४ मध्ये तो एका हल्ल्याच्या जागी बसतो, शिवाय १५ फुटांचा शंकू की ३० फुटांची रेघ हे दर वेळी निवडता येतं. पाचव्या लेव्हलला तिला दोन हल्ले मिळतील, म्हणजे एक फूत्कार, एक तलवार. सॉर्सररला मंत्र टाकायचा की फुंकायचं, यातलं एकच.

त्याच लेव्हलला दोघांना दहा मिनिटांपुरते मायावी पंखही फुटतात. ते कायमचे चिकटवणं चूक ठरेल, म्हणून पाठीत बारीक चुंबक बसवलेत. पंख पारदर्शक प्लास्टिक शीटचे कापलेत, पण त्यावर पातळ शाई थेंबाथेंबाने गोळा होते, पसरतच नाही. शीट आधी बारीक सँडपेपरने खरवडून बघणार आहे. कोणी हे केलं असेल तर कितव्या नंबरचा कागद वापरला ते सांगा.