तुला कळलं कसं नाही?

हा प्रश्न मी नाना सुरांत ऐकलाय. मावसभावाने भरल्या घरात मोठ्याने विचारला. ऑफिसातल्या एकीने आधी दार लोटून घेतलं आणि मग विचारला. बहुतेकांच्या प्रश्नाला एक शेपूट असतं: "तू तर ऑडिटमधली ना गं?"

हो, ऑडिटमधलीच. १९ वर्षं दुसऱ्यांची खाती तपासतेय. तारखेत खाडाखोड केलेलं व्हाउचर मला ढिगातून दिसतं. आणि ज्याच्याशी मी लग्न करणार होते, त्याने १४ महिन्यांत माझी मुदत ठेव आणि माझ्या नावावर काढलेलं कर्ज धरून माझा जवळजवळ तीन वर्षांचा पगार नेला. हिसकावून नाही नेला. दरवेळी पैसे मीच पाठवले, ओटीपी मीच टाकला.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. कळत होतं, पण सुटं सुटं. तुम्ही ही हकीकत दहा मिनिटांत ऐकता, तीही 'फसवणूक' हा मथळा आधी वाचून. मला ती मंगळवारी थोडी, मग तीन आठवड्यांनी थोडी अशी आली, आणि मधल्या दिवसांत तो खरंच फार छान वागायचा. माझ्या आजारपणात रात्रभर जागलेला माणूस होता तो. ते जागणंसुद्धा खोटं होतं का, याचं उत्तर मला अजून देता येत नाही. देता येत नाही म्हणून माझी जास्त चिडचिड होते.

आमच्या धंद्यात सस्पेन्स अकाउंट नावाची एक सोय असते. एखादी रक्कम कुठे बसवायची ते कळत नसेल, तर तेवढ्यापुरती तिथे ढकलायची आणि खुलासा मिळाला की योग्य खात्यात वळती करायची. वर्षअखेरीला हे खातं शून्य व्हायला हवं. ते फुगलेलं दिसलं की ऑडिटर तिथेच बोट ठेवतो. मी त्याच्या नावाचं असं एक खातं मनात उघडलं होतं. दोन फोन, त्यातला एक कायम पालथा: सस्पेन्स. बहिणीचं नाव एकदा एक, एकदा दुसरं ("घरी तिला वेगळं म्हणतात गं"): सस्पेन्स. खुलासे मिळत नव्हते असंही नाही, पण ते सगळे त्याच्याकडूनच मिळायचे. पुढे पुढे तर त्याने तोंड उघडायच्या आधी मीच त्याच्या वतीने खुलासा तयार ठेवायला लागले.

सुरुवात कशी झाली? त्याने पैसे परत करण्यापासून. अगदी किरकोळ रक्कम होती. पाकीट विसरला म्हणून घेतलेली, दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या आत परत. मग थोडी मोठी, तीही बोललेल्या तारखेच्या आदल्या दिवशी. मी मनातल्या मनात 'व्यवहाराला चोख' असा शेरा मारून टाकला. १९६६ साली फ्रीडमन आणि फ्रेझर या दोन मानसशास्त्रज्ञांनी कॅलिफोर्नियातल्या घरोघरी एक प्रयोग केला होता. अंगणात गाडी जपून चालवा असं सांगणारा मोठा, बेंगरूळ फलक लावू द्याल का, असं थेट विचारल्यावर १७ टक्के घरांनी होकार दिला. ज्यांनी दोन आठवडे आधी त्याच विषयाची इवलीशी पाटी लावायला हो म्हटलं होतं, त्यांच्यातले ७६ टक्के तयार झाले. मला हे नंतर वाचायला मिळालं. माझ्या अंगणात तोवर फलक उभा राहिला होता.

शिवाय "मला पैसे दे" असं तो कधी म्हणालाच नाही. बिलं अडकली आहेत, माणसांचे पगार द्यायचेत, हे सांगून गप्प बसायचा. मी हात पुढे केला की "नको, तुझे नकोत" म्हणायचा. मी आग्रह करायचे. वाचताना विचित्र वाटेल, पण मी आग्रह करायचे! १८४९ साली न्यूयॉर्कमध्ये विल्यम थॉम्प्सन नावाचा एक इसम पकडला गेला. उंची कपडे घालून तो रस्त्यातल्या अनोळखी माणसाशी जुनी ओळख असल्यासारखा बोलायचा आणि मग विचारायचा, उद्यापर्यंत तुमचं घड्याळ माझ्याकडे ठेवण्याइतका तुमचा माझ्यावर विश्वास आहे का? लोक घड्याळ काढून द्यायचे. वर्तमानपत्रांनी त्याला 'कॉन्फिडन्स मॅन' म्हटलं आणि तिथूनच विश्वास मिळवून फसवणाऱ्यासाठी तो शब्द रुळला. त्यानेही घड्याळ मागितलं नव्हतं बघा, विश्वास आहे का एवढंच विचारलं होतं. नाही म्हणायचं तर समोरच्याच्या तोंडावर त्याचा अपमान करावा लागतो, आणि सभ्य माणसाला ते घड्याळ देण्यापेक्षा जड जातं.

"अगं, पण डोळ्यांत दिसतं माणसाच्या," असं माझी एक काकू म्हणते. नाही दिसत, काकू. बाँड आणि डीपॉलो या संशोधकांनी २००६ साली खोटं ओळखण्यावरचे २००हून जास्त अभ्यास एकत्र करून पाहिले. माणसं सरासरी ५४ टक्के वेळा बरोबर निघाली. नाणं उडवून ठरवलं असतं तर ५० टक्के.

आता ती पावती. तिच्याबद्दल मी फारसं कुणाला सांगितलेलं नाही.

अकराव्या महिन्यात त्याने मोठी परतफेड केल्याचं सांगितलं आणि बँकेच्या व्यवहाराचा स्क्रीनशॉट पाठवला. पैसे जमा झाले नव्हते. "सर्व्हर डाऊन असेल, उद्या दिसतील." रात्री स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली उभी राहून मी तो फोटो दोन बोटांनी मोठा केला. रकमेतला ७ बाकीच्या आकड्यांपेक्षा बारीक होता आणि ओळीच्या किंचित वर चढला होता. ऑफिसात असा कागद समोर आला असता तर मी खुर्चीतून उठले असते. त्या रात्री मी फोन पालथा ठेवला, ओटा पुसला, पुसलेला ओटा पुन्हा पुसला. झोपण्याआधी त्याला मेसेज केला, 'मिळाला फोटो. काळजी करू नकोस.'

काळजी करू नकोस! हे मी त्याला सांगत होते.

तो ७ मला दिसला होता. पण तो मान्य केला की त्याच्यामागून सगळंच येणार होतं: ठेव, कर्ज, लग्नाची तारीख, ताईशी धरलेला अबोला. "ताई तुला अजून लहान समजते, आपलं आपल्यात ठेवू" हे त्याने इतक्या हळुवारपणे पेरलं होतं की तिच्याशी भांडण मीच काढलं, आणि ते माझंच मत आहे असं मला वाटत राहिलं. म्हणजे तो ७ घेऊन मी जाणार कुणाकडे? पैसे गेले होतेच. त्याआधी माझी विचारायची माणसं गेली होती.

दोन महिन्यांनी ऑफिसात एक प्रशिक्षणार्थी मुलगा बँकेचं शिल्लक प्रमाणपत्र घेऊन आला. पार्टीनेच ते त्याच्या हातात दिलं होतं. मी झापलं त्याला. आमचा साधा नियम आहे, आंतरराष्ट्रीय ऑडिट मानकांतही तो आहे: असं पत्र ऑडिटरने स्वतः बँकेला पाठवायचं आणि उत्तर थेट ऑडिटरकडे यायला हवं. ज्याची तपासणी चालू आहे त्याच्या हातून आलेला कागद हा तेवढा भक्कम पुरावा नाही. हे सगळं मी त्याला तावातावाने समजावलं आणि वाक्य पुरं होता होता माझा आवाज बसला. माझ्या होणाऱ्या नवऱ्याच्या बहिणीचा नंबर मला त्याने दिलेला, भागीदाराचा त्याने, ऑफिसचा पत्ता त्याने. १४ महिन्यांत एकही गोष्ट मला दुसऱ्या दारातून कळलेली नव्हती.

संध्याकाळी मी त्या स्क्रीनशॉटवरचा व्यवहार क्रमांक घेऊन बँकेत गेले. काउंटरवरच्या मुलीने तो दोनदा टाइप केला, मग अंक मोजले आणि म्हणाली, "मॅडम, आमचा नंबर एवढा लांब नसतोच. यात दोन अंक जास्त आहेत." मी थँक्यू म्हणून बाहेर आले.

इथे गोष्ट संपायला हवी होती, आणि ऐकणारे ती इथेच संपवतात. पण त्यानंतर ११ दिवसांनी मी त्याला आणखी एकदा पैसे पाठवले.

तो रडला होता, हे खरं. खरं कारण मात्र हिशेबातलं होतं, आणि त्याची मला लाज वाटते. तो बोलत होता तोवर माझे पैसे 'येणे' होते. मी नाही म्हटलं असतं तर त्याच क्षणी ते 'बुडीत' झाले असते, आणि ती नोंद माझ्या हाताने करायची होती. थोडे आणखी टाकून मी ती नोंद पुढे ढकलली, इतकंच.

नंतरचं थोडक्यात. तो गेला, नंबर बंद. महिन्याभरात एका माणसाचा फोन आला, ठराविक फी आगाऊ भरली तर तुमची रक्कम परत मिळवून देतो म्हणाला. माझी बुडालेली रक्कम त्याला शेवटच्या आकड्यापर्यंत पाठ होती. ती मी तोवर कुणालाही सांगितलेली नव्हती, म्हणजे त्याला ती कुठून कळली असेल ते तुम्हीच बघा. तरीही मी "विचार करून सांगते" म्हणाले. फसलेल्यांच्या याद्या पुढे विकल्या जातात हे मला नंतर कळलं.

मग ताईला फोन केला. तिने तो प्रश्न विचारला नाही. "स्टेटमेंटं काढून ठेव, मी येते," म्हणाली. आकडेमोडीत ती कच्ची आहे, तरी रात्रभर पेन्सिलने बरोबरच्या खुणा करत बसली आणि मी वगळलेली एक नोंद तिने शोधून काढली. मी म्हटलं, "ती वेगळी आहे." तिने माझ्याकडे पाहिलं आणि त्या नोंदीपुढेही खूण केली.

तक्रार लिहून घेणारे अधिकारी वयाने बरेच मोठे होते. त्यांनीही 'कळलं कसं नाही' विचारलं नाही. त्यांना फक्त तारीख, रक्कम आणि खातं हवं होतं. शेवटच्या ओळीवर त्यांचं पेन थांबलं.

"बँकेत जाऊन आलात ती तारीख कुठली म्हणालात?"

मी सांगितली.

"ही नोंद त्याच्या नंतरची दिसते."

"हो. कळल्यानंतरची."

त्यांनी मान वर केली नाही. "वेळ?"

"रात्री ११ वाजून ४० मिनिटं."