टाळ थांबेनात तेव्हा

पंढरीच्या वारीतलं दिवेघाट, सासवड, जेजुरीचा भंडारा, नीरेचं स्नान हे सगळं आता एकमेकांत मिसळून गेलंय. लोणंद सोडल्यानंतरची दुपार तेवढी लख्ख आठवते, कारण डाव्या टाचेचा फोड फुटायला आला होता आणि मी विठोबासकट सगळ्यांवर चिडले होते. चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण झालं, वारकऱ्यांच्या रांगांमधून अश्व धावला. लोक अश्वाच्या टापांखालची माती कपाळाला लावायला धावले. मी रस्त्याच्या कडेला बसून बूट काढत होते.

"बघू गं पाय."

डोक्यावर तुळस घेतलेली एक आजी. आमच्या दिंडीतली नव्हे. तुळस तिनं शेजारणीच्या डोक्यावर दिली, कनवटीची पिशवी सोडली, सुई काढली, दोरा खोबरेल तेलात बुडवला आणि फोडाच्या एका बाजूनं घालून दुसऱ्या बाजूनं काढला. दोन्हीकडे थोडा थोडा दोरा ठेवून दातानं तोडला. "काढू नको. रातभर पाणी झिरपंल." हे चालू असतानाच गाव विचारलं, मग आडनाव. मी सांगितलं. "बरं," म्हणाली. हात थांबला नाही.

मग तिनं त्याच धुळकट, तेलकट पायावर डोकं ठेवलं. मी पाय ओढून घेतला. एवढ्या वयाची बाई, मला ते सहनच होईना. ती मात्र तशीच उभी. "आता तू पड की. दिंडी चालली पुढं."

पडले. गुडघे कुरकुरले.

मी मानववंशशास्त्र शिकवते. दरवर्षी मानववंशशास्त्रज्ञ क्लिफर्ड गीर्ट्झचं 1973 सालचं ते पापणीचं उदाहरण फळ्यावर येतं; मूळचं ते गिल्बर्ट राईल या तत्त्वज्ञाचं. एका मुलाची पापणी आपोआप लवते, दुसरा मुद्दाम डोळा मारतो, तिसरा त्याची नक्कल करतो. कॅमेऱ्याला तिन्ही सारखंच दिसतं. फरक कळायला त्या मुलांमध्ये कोणते इशारे चालतात ते ठाऊक हवं. वर्गात हे फार सोपं वाटतं. पण आजीच्या त्या "बरं"चं काय करायचं? याच विषयातल्या इरावतीबाई कर्वे वारीत चालल्या तेव्हा एकाच दिंडीत भजन एकत्र आणि जेवण जातवार वेगळं, हे त्यांना खुपलं होतं. पुढे व्हिक्टर टर्नर या मानववंशशास्त्रज्ञानं यात्रेतल्या समभावाबद्दल लिहिताना त्यांच्याच अनुभवाचा आधार घेतला. आमच्या दिंडीत पंगत एकच असते. आडनाव मात्र सगळे विचारतात, आणि पायाही सगळेच पडतात. यातलं एक खरं आणि दुसरं वरवरचं असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. वहीत मी नुसतं प्रश्नचिन्ह काढलं. रागच आला होता खरं तर, वहीचा.

तरडगावच्या तळावर समाजआरतीला, म्हणजे मुक्कामाला सगळ्या दिंड्यांच्या मिळून होणाऱ्या आरतीला, शिस्त राखणाऱ्या चोपदारांनी दंड उंचावला. सगळा तळ गप्प झाला आणि आमच्याच दिंडीचे टाळ वाजत राहिले. पाण्याचा टँकर आला नव्हता. दिवसभर ज्या टाळांवर 'ज्ञानोबा-तुकाराम' चाललं होतं, तेच आता भांडत होते. ठेकासुद्धा जवळपास तोच. तळावरच्या लहान पोरालाही कळत होतं की हे भजन नव्हे, तक्रार आहे. बाहेरचा कुणी ध्वनिमुद्रण करून घेऊन गेला असता, तर त्यानं खाली "भजन" लिहिलं असतं. मी टाळकरी नाही, पण शेजारणीच्या गळ्यातले टाळ मागून घेतले आणि जोरजोरात बडवले. दुपारपासूनची सगळी चीड त्यात निघाली. फार बरं वाटलं. भक्ती म्हणायची तर म्हणा.

चोपदार आले, ऐकून घेतलं, आमचे टाळ थांबले. मग हरवलं-सापडलं पुकारलं, आरती झाली. टँकर रात्री उशिरा आला, तोही अर्धाच भरलेला. त्यावरून आमचे विणेकरी आणि ट्रकवाला यांची पुन्हा जुंपली.