हसलो ते चुकलं का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी आम्ही आठ-दहा जण एकच पुस्तक वाचून कुणाच्या तरी घरी जमतो. जोसेफ हेलरची 'कॅच-२२' ही कादंबरी घेतली त्याला वर्ष होऊन गेलं, पण तेव्हा निघालेला प्रश्न मला अजून जो भेटेल तो विचारतो: "लढाईत पोरं मरतायत आणि आपण हसत सुटलोय, हे बरं दिसतं का?"

मी म्हणते, हसा. अगदी पोटभर हसा. हेलरला ते हवंच आहे, कारण त्या हसण्याची वसुली तो पुढे करणार आहे.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. दुसरं महायुद्ध, इटलीजवळचं पियानोसा बेट, अमेरिकन बॉम्बफेकी विमानांची तुकडी. ठरावीक उड्डाणं झाली की घरी जायचं. पण पोरं त्या आकड्याला टेकली की कर्नल कॅथकार्ट आकडाच वाढवतो. वेड्याला उड्डाणातून सूट आहे, मात्र ती त्यानं मागायला हवी. आणि मागितली म्हणजे त्याला जिवाची पर्वा आहे, म्हणजे तो शहाणा, म्हणजे सूट नाही. १९६१ साली आलेलं हे पुस्तक लिहिणारा माणूस स्वतः बी-२५ विमानातून ६० वेळा बॉम्ब टाकायला जाऊन आलेला होता. हे मी मुद्दाम सांगते, कारण 'थट्टा करणं सोपं असतं' असं म्हणणारेही भेटतात.

आमच्याकडे सर्वांत जास्त हशा डॉक्टर डनिकाच्या प्रकरणाला झाला. डॉक्टरला विमानाची धास्ती, पण उड्डाणभत्ता सोडवत नाही, म्हणून न जाताच तो यादीत नाव घालून घेतो. ते विमान डोंगरावर आदळतं. डॉक्टर खाली उभा राहून बघतोय, पण यादीत नाव आहे ना, मग मेला. बायकोला सांत्वनाचं पत्र जातं, विम्याचे पैसे मिळतात, आणि नवरा जिवंत असूनही ती मुलांना घेऊन, नवा पत्ता न ठेवता, दुसऱ्या गावी निघून जाते.

आम्ही हसत होतो. एक बाई तेवढ्या गप्प होत्या, सत्तरी ओलांडलेल्या. हशा ओसरल्यावर म्हणाल्या, "आमच्या ह्यांचं असंच झालं होतं." नोव्हेंबरात हयातीचा दाखला दिलेला, तो कुठेतरी गहाळ झाला आणि पेन्शन थांबली. हे स्वतः खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. आतला मुलगा अदबीनं म्हणाला, "काका, तुम्ही मला दिसताय हो, पण इथे नाही दिसत." घरी येऊन ह्यांनी काठी कोपऱ्यात ठेवली आणि म्हणाले, "अगं, चहा टाक. मी गेलोय." दोघं डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. "आणि रात्री मी दोनदा उठले," बाई म्हणाल्या, "ह्यांच्या छातीवर हात ठेवून बघायला."

त्या घरात हसणं आणि तो हात एकाच दिवसातले होते. मला नाही वाटत, त्यांतलं एक खरं आणि दुसरं खोटं होतं.

हेलरही तेच करतो, फक्त फार सबुरीनं. माल्टात सात सेंटला घेतलेली अंडी पाच सेंटला विकून नफा काढणाऱ्या मायलोला, म्हणजे तुकडीची मेस चालवणाऱ्या अधिकाऱ्याला, आपण डोक्यावर घेतो. स्नोडन या विमानातल्या कोवळ्या सैनिकाचं नाव तर चौथ्या प्रकरणात नुसता शब्दखेळ म्हणून येतं. गेल्या सालचं बर्फ कुठे गेलं, अशी एक जुनी फ्रेंच काव्यपंक्ती आहे, तिच्यावरची ही कोटी. मग तो पोरगा पुन्हा पुन्हा डोकावत राहतो, दर वेळी थोडा जास्त दिसतो. ४१व्या प्रकरणात एकदाचं सगळं कळतं. ॲव्हिन्यॉनच्या आकाशात, विमानाच्या मागच्या बाजूला कादंबरीचा नायक योसेरियन स्नोडनच्या मांडीची जखम नीट बांधतो. काम चांगलं झालं म्हणून त्याला हायसं वाटतं. स्नोडन मात्र थंडी वाजतेय, थंडी वाजतेय म्हणत राहतो. खरी जखम जाकिटाच्या आत आहे. आणि प्रथमोपचाराच्या पेटीत मॉर्फिनच्या बारा कुप्या असायला हव्यात, तिथे चिठ्ठी आहे: आमच्या कंपनीच्या भल्यात देशाचं भलं. खाली सही मायलोची. त्याच अंडीवाल्याची.

पुस्तक आलं तेव्हा काही समीक्षकांनी ते विस्कळीत ठरवलं. आमच्यातल्या दोघांनाही तेच तेच फिरून येतं म्हणून कंटाळा आला आणि त्यांनी ते मध्येच सोडलं. त्यांचं मला खरंच वाईट वाटतं. स्नोडन फिरून फिरून येतो, कारण योसेरियनला तो डोक्यातून काढता येत नाही. शेवटापर्यंत न गेलेल्याला हे कळायचं तरी कसं?

हल्ली कुणाला ते पुस्तक दिलं तर मी चौथ्या प्रकरणात कागदाची खूण घालून देते. शेवटचं पान झालं की परत इथे या, एवढंच सांगते.